बधिर अंगठ्याला कळलेले दोन झटके

इथे लिहिणारे बहुतेक जण आधी सांगतात की त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझं त्याच्याही पुढचं आहे. मी विश्वास ठेवणाऱ्यांची टिंगल करायचो. वीस वर्षं मी ट्रॉलरवर खलाशी होतो. समुद्रावर आयुष्य काढलेली माणसं काय काय सांगतात — पाण्यावरून चालत येणारे दिवे, बोटीला मागून मारलेल्या हाका... मी सगळं शांतपणे ऐकून घ्यायचो आणि शेवटी एकच विचारायचो, "किती घेतली होतीस?" त्यामुळे माझ्यासमोर कुणी असल्या गप्पा काढायचंच नाही. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे, तेव्हा ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसून घ्या. आणि तुमचा पहिला प्रश्न मला माहीत आहे. नाही, मी पीत नाही. डायबिटिस निघाल्यापासून तर चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो.

माझं नाव वसंत, वय अठ्ठावन्न, राहणार मिरकरवाडा, रत्नागिरी. शिक्षण दहावी, पण वाचनालयाचा जुना सभासद आहे. साखर निघाल्यावर बोटीवरचं काम सोडलं आणि किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करायला बसलो. माझी जागा ठरलेली — बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याची मागची भिंत. तिथे दुपारपर्यंत सावली असते.

जाळं कसं दुरुस्त करतात ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही जमिनीवर पाय लांब करून बसतो. फाटलेल्या जागेच्या जवळची जाळ्याची कड पायाच्या अंगठ्यात अडकवतो आणि पाय ताणून जाळं ताठ करतो. डाव्या हातात जाळं, उजव्या हातात सुतानं भरलेली सुई, आणि तिसरा हात म्हणजे पायाचा अंगठा. आमच्याकडे सगळे असेच बसतात. माझे वडील असेच बसायचे, मोठा भाऊ असाच बसायचा. अंगठ्याशिवाय जाळं ही कल्पनाच आम्हाला सुचत नाही.

जाळं मोठं असलं की दोघं लागतात. एक इकडे, एक पलीकडच्या टोकाला. माझ्या समोर दादा बसायचा. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी थोरला. इंजिनाशेजारी जन्म काढल्यानं त्याचे कान गेलेले, आणि बंदरावर तर लिलावाचा आरडाओरडा, बर्फ फोडण्याचा आवाज... हाक मारून काही उपयोग नसायचा. म्हणून आमच्या दोघांच्या खुणा होत्या. जाळ्याला एक झटका दिला की 'ढील दे'. दोन झटके दिले की 'थांब, काहीतरी चुकतंय'. बाकीचे लोक दोन्ही झटके सारखेच देतात. दादाचा पहिला हलका असायचा आणि दुसरा चांगला जोरात. जणू आधी विचारायचा आणि मग दरडावायचा. त्याचा स्वभावच तसा होता. ती खूण मला थेट अंगठ्यात कळायची. मान वर न करता मी हात थांबवायचो आणि बघायचो, तर खरंच एखादी गाठ चुकलेली असायची.

आता पायांबद्दल. ज्यांना हा आजार आहे त्यांना सांगायला नको. ज्यांना नाही त्यांनी देवाचे आभार माना. साखरेनं पायाच्या नसा बिघडतात. आधी मुंग्या येतात, मग पावलांना मिरची चोळल्यासारखी जळजळ सुरू होते. पांघरुणाचा स्पर्शसुद्धा सहन होत नाही. आणि विचित्र गोष्ट अशी की हळूहळू बाहेरचं काहीच कळेनासं होतं. आतून जळतंय, पण वरून चिमटा काढला तर पत्ता नाही. एकदा चपलेत खडा घेऊन मी बंदरापासून घरापर्यंत चालत आलो होतो. पायातून रक्त आलेलं बायकोनं दाखवलं तेव्हा कळलं.

डॉक्टर मॅडम पाय तपासतात ते एका बारीक काडीला लावलेल्या नायलॉनच्या धाग्यानं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं, "मॅडम, हा तर आमचा तंगूस!" गळाला बांधतो तोच, थोडा जाड. डोळे मिटायला सांगतात, पायावर ठिकठिकाणी धागा टेकवतात आणि विचारतात, "कळतंय?" उजव्या अंगठ्यावर त्यांनी किती वेळा टेकवला कोण जाणे. मी वाट बघत बसलो होतो की आता सुरू करतील. डोळे उघडले तर त्या कागदावर लिहीत होत्या. "उजवा अंगठा — काहीच नाही," त्या म्हणाल्या. "काका, ह्या अंगठ्यात काही अडकवायचं नाही. जाळं तर अजिबात नाही." मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी अंगठ्यात जाळं अडकवून बसलो. दुसरं काय करणार?

जळजळीसाठी त्यांनी प्रेगाबालिनची गोळी दिली. खरं सांगतो, गोळीनं फरक पडला. पण आठवड्याभरात डोकं जड व्हायला लागलं. सकाळी उठलो की घर हलत्या बोटीसारखं वाटायचं. घोटे सुजले. जाळ्यावर बसलो की डोळे मिटायचे, आणि जी गाठ मी झोपेतसुद्धा मारीन ती जागेपणी चुकायला लागली. एकदा जेटीच्या कडेला उभा असताना तोल गेला आणि एका लोखंडी खुंटाला धरलं म्हणून वाचलो. मग मी गोळीच्या खोक्यातला तो कागद काढला. भिंग घेऊन बसलो. दुष्परिणामांची यादी एवढी लांब की उलगडताना जाळंच उलगडतोय असं वाटलं. त्यात बंदरावरच्या एका शहाण्यानं सांगितलं की असल्या गोळ्यांनी किडन्या जातात. झालं. मी गोळी बंद केली.

डॉक्टरांना सांगितलं नाही. बायकोलाही नाही. रोज सकाळी तिच्यासमोर गोळी हातात घ्यायचो, पाणी प्यायचो आणि गोळी माझ्या सुयांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचो.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी चार वर्षं कुणाला सांगितली नव्हती. दादालाही हेच झालं होतं. हाच आजार, अशीच गोळी. एकदा जाळ्यावर बसलेलो असताना तो मला म्हणाला होता, "वश्या, ह्या गोळीनं मना गरगरता रे. पाय पण सुजलेत." आणि मी शहाणपणा केला. म्हटलं, "मग सोड ना. जळजळीनं कोण मरत नाय." ऐकू कमी यायचं त्याला, पण हे बरोबर ऐकू आलं. त्यानं ती गोळी सोडली. त्रास कमी झाला म्हणून मग साखरेच्याही सोडल्या. पुढच्या हंगामात खडकाला चिकटलेल्या कालवाच्या धारदार शिंपल्यानं त्याचा तळवा कापला. त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा पाय गुडघ्याखालून काढावा लागला, आणि आठ महिन्यांनी दादा गेला.

पाय काढल्यावर मी भेटायला जायचो तेव्हा तो गोळ्यांचा विषय कधीच काढायचा नाही. "तू सांगितलंस म्हणून," असं एकदाही म्हणाला नाही. फक्त एकदा विचारलं, "समोर कोण बसता रे आता?" मी म्हटलं, "कुणी नाय. टोक खुंटाला बांधतो." तो हसला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ते हसणं मला अजून विसरता येत नाही.

म्हणजे बघा, सगळं डोळ्यांसमोर घडलेलं असून मी पुन्हा तेच केलं. का? भीती होती, ती तर सांगितलीच. पण आत आणखी एक होतं. दादाला 'सोड' म्हणणारा मी, आता स्वतःच्या पायासाठी मुकाट गोळी गिळणार? कुठल्या तोंडानं? जळू दे पाय, असं कधी कधी वाटायचं. हे शहाण्या माणसाचं बोलणं नाही, मला कळतं. पण होतं ते असं होतं.

तर तो दिवस. मार्गशीर्षातला गुरुवार. ह्या महिन्यात गुरुवारी आमच्याकडे घरोघरी महालक्ष्मीचं व्रत, मासळी खाणारे अर्धे लोक त्या दिवशी खात नाहीत. त्यामुळे लिलाव थंड आणि बंदर शांत. सकाळी नऊच्या सुमारास मी भिंतीच्या सावलीत बसलो. एकटाच. जाळं मोठं होतं, वरच्या दोरीला प्लास्टिकचे पिवळे बोये, म्हणजे जाळं तरंगत ठेवणारे गोळे, ओवलेले. पलीकडचं टोक खुंटाला बांधलं होतं आणि मधलं सगळं जाळं बोयांसकट ढीग होऊन पडलेलं. माझ्या अंगठ्यात कड अडकवलेली. गोळी बंद करून तेव्हा बारा दिवस झाले होते. डोकं स्वच्छ होतं, हात झरझर चालत होता, आणि पाय... पाय पेटलेले होते. पण त्याची मला सवय झाली होती.

अकरा वाजून गेले असतील. माझं सगळं लक्ष हातातल्या गाठीत. जवळचा चष्मा लावला की मला हातापलीकडचं सगळं धूसर दिसतं. आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला झटका बसला.

हलका.

आणि लगेच दुसरा. जोरात.

सवयीनं माझा हात थांबला. खरंच सांगतो, त्या क्षणी मला काहीही नवल वाटलं नाही. मी गाठ बघितली. गाठ बरोबर होती. मनात म्हटलं, 'बरोबर तर हाय रे.' आणि सुई पुन्हा घातली. तर पुन्हा तेच. एक हलका, एक जोरात. ह्या वेळी दुसरा झटका असा होता की गाठ चुकल्यावर दादा चिडायचा ना, तसा. मग मात्र माझ्या डोक्यात प्रकाश पडला की समोर कुणी नाहीये. आणि त्याच्यामागोमाग दुसरी गोष्ट — ह्या अंगठ्याला तर काही कळतच नाही.

मी चष्मा काढला आणि पायाकडे बघितलं.

जाळ्याची कड अंगठ्यावर होतीच, पण तिच्या खाली सुताचा एक फेरा अंगठ्याभोवती पडलेला होता. मी गाठ मारून सूत ओढायचो तेव्हा प्रत्येक ओढीला तो फेरा आवळला जात होता. दोन तास. नायलॉनचं सूत कातडीत रुतून दिसेनासं झालं होतं आणि त्याच्या पुढचा अंगठा काळा-निळा पडला होता. वांग्यासारखा. धड पायाच्या माणसानं तो फेरा पहिल्याच ओढीला शिवी देऊन काढून टाकला असता.

मी ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. मागून सुमन धावत आली. सुमन म्हणजे माझी बायको. ती त्या वेळी तिथे काय करत होती, ते नंतर कळलं. तिनं माझ्या हातातलं सूत कापायचं पातं घेतलं, पाय मांडीवर घेतला आणि कातडीत पातं घालून सूत कापलं. रक्त आलं. मला काही कळलं नाही, पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "चपला कुठं हायत तुमच्या?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. डॉक्टरांनी दिलेल्या मऊ तळाच्या चपला पिशवीत होत्या.

रिक्षानं थेट दवाखाना गाठला. मॅडमनी पाय बघितला आणि लगेच जखम धुवायला घेतली. मलमपट्टी झाल्यावर म्हणाल्या, "आणखी तास-दोन तास गेले असते तर अंगठा वाचवणं अवघड होतं. आणि तुमच्या साखरेत ते अंगठ्यावरच थांबलं असतं, असं मी सांगू शकले नसते." मला दादाचा पाय दिसला. सुमनलाही दिसला असणार, कारण तिनं माझा दंड धरला. मग तिनं पदराखालून माझा सुयांचा डबा काढला आणि मॅडमच्या टेबलावर उपडा केला. सुयांबरोबर बारा गोळ्या पडल्या. सकाळी पूजेच्या चौरंगाखाली घालायला काहीतरी शोधताना हा डबा तिच्या हाताला लागला होता. मी निघताना तो घरीच विसरलो होतो; भरलेली एक सुई पिशवीत होती म्हणून काम अडलं नव्हतं. त्याचा जाब विचारायला ती उपाशीपोटी तणतणत बंदरावर आली होती.

मॅडमनी गोळ्या एका बाजूला सारल्या. "गोळीचा त्रास होतोय हे मला सांगायचं काका, डब्याला नाही," त्या म्हणाल्या. "चक्कर येते, सूज येते, हे होतं काहींना. डोस कमी करता येतो, वेळ बदलता येते, गोळीच बदलता येते. पण अशी एकदम बंद नाही करायची. आणि किडनीचं म्हणाल तर मी तुमचं रक्त तपासूनच डोस ठरवलाय." मग न राहवून मी त्यांना झटक्यांचं सांगितलं. दादाचं नाही, फक्त झटक्यांचं.

त्यांनी नीट ऐकलं. हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "नसा बिघडलेल्या असल्या की कधी कधी करंट मारल्यासारखं होतं," त्या म्हणाल्या. "त्यात तुम्ही गोळी अचानक बंद केलेली. पाय आपोआप उडला असेल." मला एकदम हायसं वाटलं. बरोबर आहे, असंच असणार. इतकी वर्षं मी लोकांना हेच तर सांगत आलो होतो!

तेवढ्यात सुमन म्हणाली, "पण मॅडम, शीर ह्यांच्या पायातली उडली, तर बोये कशे वाजले?"

आम्ही दोघंही तिच्याकडे बघायला लागलो. ती सांगू लागली. ती भिंतीच्या कोपऱ्यावरून वळली तेव्हा मी वीसेक पावलांवर, तिच्याकडे पाठ करून, एका कुशीला कलून बसलो होतो. लांब केलेला उजवा पाय तिला तिरका दिसत होता. ढिगातले बोये एकमेकांवर आपटले. "एकदा हळू वाजले, मग जोरात. माझा मन म्हणाला, मांजर असेल. म्हणून मी थांबले. तर परत तसेच वाजले. एकदा हळू, एकदा जोरात."

"मग पाय उडल्यामुळेच जाळं हललं असेल," मॅडम म्हणाल्या.

"पाय हलला नाय," सुमन म्हणाली. "चपला घातल्यात काय बघायला मी पायाकडंच बघत होते."

त्यावर मॅडमनी तंगूसची काडी काढली आणि मला डोळे मिटायला सांगितले. ह्या वेळी मी मन लावून वाट बघितली. श्वाससुद्धा रोखून धरला. थोड्या वेळानं त्यांनी काडी ठेवल्याचा आवाज आला. "नाही," त्या म्हणाल्या, आणि पुढचं औषध लिहायला लागल्या.

दादाच्या झटक्याची पद्धत सुमनला माहीत नव्हती. माहीत असायचं कारणच नाही, ती जाळ्यावर कधी बसलेली नाही. हळू आणि मग जोरात, हे ती आपण होऊन बोलली. घरी आल्यावर तिनं उपास सोडला. मला ताट वाढलं, आणि जेवता जेवता मी तिला सगळं सांगितलं. खुणांचं, आणि मग जे चार वर्षं गिळून बसलो होतो तेही. "दादाला गोळी सोड म्हणून मीच सांगितलां होता," मी म्हटलं. एवढा मोठा माणूस मी, भाताच्या घासावर रडलो.

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ द्या, तुमची काय चूक. तसं ती बोलली नाही. बराच वेळ भात कालवत राहिली. मग म्हणाली, "त्यांनी तुमचा आयकून सोडली. आता तुमी त्यांचा आयका."

ऐकलं. गोळी पुन्हा सुरू आहे, आधीपेक्षा कमी डोसची, आणि फक्त झोपताना. सकाळची गरगर गेली. सूज थोडी आहे, पण आता ती मी मॅडमना सांगतो. रक्त तपासल्यावर बी-ट्वेल्व्हही कमी निघालं. साखरेची गोळी वर्षानुवर्षं घेतली की कधी कधी तसं होतं म्हणे, त्याची इंजेक्शनं झाली. जळजळ पूर्ण गेलेली नाही, पण पांघरूण सहन होतं. मात्र गेलेली जाण परत येणार नाही, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं आहे. पायाला कळत नाही तर डोळ्यांनी बघायचं. अंगठ्याची जखम भरायला दीड महिना लागला.

बंदरावर बातमी पसरायला वेळ लागत नाही. ज्यांची मी टिंगल केली होती ते सगळे येऊन गेले. एकानं तर माझाच प्रश्न मला विचारला, "किती घेतली होतीस?" मी म्हटलं, "बारा दिवस घेतलीच नव्हती, म्हणून तर घोळ झाला." कुणी समुद्राला नारळ द्यायला सांगितला. सुमननं दिला. मी हात जोडले, पण कुणाला जोडतोय ते मला माहीत नव्हतं.

आता मी फळीला लोखंडी आकडा ठोकून घेतलाय. जाळं त्यात अडकवतो आणि पाय चपलेत ठेवून खुर्चीवर बसतो. जुने लोक हसतात, हसू देत. आणि आता समोर कुणीतरी असतं. सुमन सकाळची कामं उरकून येते आणि पलीकडच्या टोकाशी बसते. दुरुस्ती तिला येत नाही, ती जाळ्यातला कचरा काढते. पण तासाभरानं ती जाळ्याला दोन झटके देते. म्हणजे 'थांबा, पाय बघा'. मी सुई ठेवतो, चपला काढतो, छोटा आरसा धरून तळवे बघतो. सगळं ठीक असलं की एक झटका परत देतो.

गेल्या महिन्यात मला एकदा राहवलं नाही. सुमनला म्हटलं, आज एक करून बघू. चप्पल काढली. पूर्वीसारखा जमिनीवर बसलो आणि जाळ्याची कड उजव्या अंगठ्यात अडकवली. ती नको नको म्हणत होती. "एकदाच," मी म्हटलं. "हात मी मागे बांधून बसतो. डोळे मिटतो. तू तिकडून दोन झटके दे. मला नुसतं बघायचंय कळतं का."

डोळे मिटले. बर्फ फोडायचा आवाज येत होता, कुठेतरी इंजिन चालू होतं. मी सगळा जीव अंगठ्यात आणून बसलो. दादाची आठवण काढली. वाट बघितली. खूप वाट बघितली.

"ओढ ना," मी शेवटी म्हटलं.

सुमनचा आवाज आला, हळू. "चार वेळा ओढलां मी."

मी डोळे उघडले. जाळं ताठ होतं, तिच्या दोन्ही हातांत टोक होतं, आणि बोये अजून हलत होते. तिनं येऊन अंगठ्यातली कड काढली, अंगठा निरखून बघितला आणि चप्पल पायात घातली.

तुमच्यात कुणी डॉक्टर असतील, कुणी जाणते असतील. मॅडमचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणत नाही. पायाचं खरं-खोटं त्या माझ्यापेक्षा जास्त जाणतात. मला एवढंच माहीत आहे की ह्या अंगठ्याला माझ्या बायकोचे चार झटके कळत नाहीत, आणि त्या गुरुवारी त्याला माझ्या भावाचे कळले होते.